काउंटरवरची वही

पौड रस्त्याने कधी रविवारी सकाळी गेला असाल तर पिरंगुटची गर्दी तुम्हाला माहीत असेल. अर्धं पुणं ताम्हिणीकडे निघालेलं असतं, आणि त्यातले निम्मे लोक पाण्याच्या बाटल्या घरी विसरलेले असतात. मग वाटेतल्या दुकानांसमोर ही झुंबड! अशाच एका किराणा दुकानाच्या काउंटरमागे मी गेल्या पावसाळ्यातले चार रविवार काढले.

दुकानदार काका ओळखीचे. "तू हिंजवडीत काय करतोस ते मला कळत नाही, पण मॉलमध्ये देतात तसे पॉइंट आपल्या गिऱ्हाइकांना देता येतील का, एवढं सांग." झालं, रिक्वायरमेंट डॉक्युमेंट संपलं. नियम सोपा ठेवला. १०० रुपयांच्या खरेदीला १ पॉइंट, १ पॉइंट म्हणजे १ रुपया, आणि खातं ओळखायचं मोबाईल नंबरावरून. घरी बसून एका संध्याकाळी प्रोग्राम तयार. मी खूश.

पहिल्या रविवारी दुकानात सगळी हवा गेली. सकाळी १० ते १ या तीन तासांत साधारण १५० बिलं होतात. प्रत्येक बिलामागे ओटीपीसाठी ४० सेकंद धरा, म्हणजे १५० गुणिले ४०, ६००० सेकंद, १०० मिनिटं. तीन तासांतली १०० मिनिटं फक्त मोबाईलकडे बघण्यात! त्यात पावसात नेटवर्क गायब. अकरा वाजता काकांनी ओटीपी बंद करायला लावला. मग नुसता नंबर विचारायचा, पाच सेकंदांत काम. तर दुसऱ्या रविवारी लक्षात आलं की एका खात्यावर तासाभरात वीस बिलं पडली आहेत. ताम्हिणीचे पर्यटक नंबर देत नाहीत, म्हणून काउंटरवरचा पोरगा स्वतःचा नंबर टाकत होता. (लॉजिक म्हणून मला ते आवडलं, काकांना नाही.)

पण खरी विकेट घेतली ती एका आजींनी. गावातल्याच, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक.

"पोरा, माझं किती झालं ते कुठं लिहिलंय?"

"आजी, सिस्टीममध्ये आहे सगळं."

"ते तुझ्या मशिनीत. माझ्याकडं कुठं हाय?"

आणि त्यांनी पिशवीतून महिन्याच्या खात्याची छोटी वही काढून माझ्यापुढे ठेवली. दुकानातल्या मोठ्या वहीत जे लिहिलं जातं तेच या छोट्या वहीतही लिहिलं जातं. दोन वह्या, एकच हिशोब. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर डोक्यातून ते जाईना. वाचत बसलो, तेव्हा कळलं की आजींचा प्रश्न फार जुना आहे. किती जुना, तर आपल्याच पुणे जिल्ह्यात त्यावरून दंगे झालेले आहेत.

१२ मे १८७५. सुपे गाव (आज बारामती तालुक्यात). अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे भाव कोसळले, वर सरकारने शेतसारा वाढवलेला. शेतकरी सावकाराकडे गेला. हिशोब सावकार लिहिणार, व्याज सावकार मांडणार, आणि ज्याला वाचता येत नाही तो खाली नांगराची निशाणी करणार. सुप्याच्या बाजारात लोक उठले, आणि हे लोण पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशोबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. सावकाराने मुकाट्याने कागद दिले तर बऱ्याच ठिकाणी त्याला हातही लावला नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. त्यातल्या तीन तरतुदी वाचून मी उडालोच. पैसे भरले की शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षातून एकदा हिशोबाचा उतारा मिळाला पाहिजे, आणि मागितलं तर पासबुक मिळालं पाहिजे. म्हणजे आजींची छोटी वही! १४० वर्षांहून जुना कायदा, आणि त्याचं सांगणं एवढंच की हिशोबाची एक प्रत समोरच्याच्या हातात द्या.

आमच्या मुळशीलाही या कागदांचा चटका बसलेला आहे. १९२० च्या सुमारास टाटा कंपनीने इथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतलं. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा, कागदावर मालक सावकार. जमीन सोडायला मावळा तयार नव्हता, सावकारांची ओढ मात्र नुकसानभरपाईकडे. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालून विझला. रविवारी ज्या तलावाच्या कडेने आपण ताम्हिणीला जातो, तो तलाव हाच.

आता तुम्ही म्हणाल, कुठे सावकारी आणि कुठे किराणा दुकानातले पॉइंट! बरोबर आहे, काका काही सावकार नाहीत. पण जरा उलटं करून बघा. पॉइंट म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकाला देणं असलेली रक्कम, म्हणजे उलटी उधारी. इथे कर्जदार दुकान आहे आणि हिशोबाची एकमेव वहीही दुकानाकडेच आहे. शिवाय पॉइंट कधी बाद होणार, त्याची किंमत किती, हे नियमही दुकानच ठरवणार आणि बदलणार.

हे असंच असलं पाहिजे का? तर नाही. खरेदीच्या प्रमाणात पैसे परत देण्याची जी गाजलेली पद्धत आहे, तिच्यात दुकानच गिऱ्हाइकांचं होतं. २१ डिसेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात विणकर आणि इतर कामगारांनी मिळून एक दुकान उघडलं. सभासद २८, भांडवल २८ पौंड, माल काय तर लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. नफा झाला की ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात वाटून टाकायचा. आता प्रत्येकाची खरेदी नोंदवायची कशी? पुढे अशा संस्थांत काउंटरवर खरेदीच्या रकमेइतके धातूचे बिल्ले देऊ लागले. गिऱ्हाइकाने ते घरी डब्यात साठवायचे आणि तिमाहीच्या शेवटी आणून मोजून द्यायचे. नंतर सभासद क्रमांक लिहिलेली कार्बनची चिठ्ठी आली, एक प्रत दुकानाला, एक घरी. परत दोन वह्या, एकच हिशोब.

आपल्याकडे १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांसाठी होता, १९१२ च्या कायद्याने ग्राहक संस्थांनाही जागा मिळाली. मुंबईत नायगावला १९४८ मध्ये कामगारांनी सुरू केलेला 'अपना बाजार' याच घराण्यातला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातही नफ्यातून खरेदीच्या प्रमाणात सूट देण्याची सोय आहे. म्हणजे लॉयल्टी पॉइंट ही कल्पना मॉलने आणलेली नाही, ती गिरणगावात आधीच येऊन गेली होती.

मग गडबड कुठे झाली? माझ्या मते गर्दीने झाली. गर्दीच्या काउंटरवर दोन वह्या लिहायला वेळ नसतो. त्यावर अमेरिकेत १८९६ मध्ये स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी जोरदार तोडगा काढला. हिरवी तिकिटं! बिलाच्या रकमेप्रमाणे तिकिटं फाडून द्यायची, गिऱ्हाइकाने ती पुस्तिकेत चिकटवायची, पुस्तिका भरली की वस्तू घ्यायची. दोन सेकंदांचं काम, नाव नाही, गाव नाही. सगळा हिशोब गिऱ्हाइकाच्या हातात. फक्त दुकानदाराला या पद्धतीत एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे कोण काय विकत घेतंय.

आणि तेच कळायला हवं होतं. इंग्लंडमधल्या टेस्कोने अशी तिकिटं १९७७ मध्ये बंद केली आणि १९९५ मध्ये 'क्लबकार्ड' आणलं. क्लाइव्ह हम्बी आणि एडविना डन या जोडप्याने त्या कार्डातून मिळालेल्या खरेदीच्या नोंदी तपासून दाखवल्या, आणि कंपनीला तिचं गिऱ्हाईक पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. आपल्याकडे शॉपर्स स्टॉपची 'फर्स्ट सिटिझन' योजना १९९४ ची, अनेक दुकानांत मिळून चालणारं 'आय-मिंट' २००६ चं. पुढे कार्डही गेलं आणि फक्त "नंबर सांगा" उरलं.

इंजिनीअर म्हणून बघितलं तर मोबाईल नंबर झकास आहे. फुकट, पाठ असलेला, बदलत नाही. पण म्हणूनच तो धोक्याचा. बिल्ला हरवला तर नऊ रुपयांचं नुकसान, नंबर मात्र जन्मभर मागे लागतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आपली कोणती माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा हक्क त्यात आहे. १८७९ चं पासबुकच, नवीन कपड्यांत.

तिसऱ्या रविवारी मी प्रोग्राम बदलला. मोबाईल नंबर ऐच्छिक. ज्याला नको त्याला क्रमांक आणि बारकोड असलेलं साधं पुठ्ठ्याचं कार्ड, स्कॅन केलं की दोन सेकंदांत काम (शिवाय काउंटरवरच्या पोराचा उद्योगही बंद, एका कार्डावर दिवसाला तीनच बिलं). प्रत्येक बिलाखाली मागची शिल्लक, आजचे पॉइंट, एकूण शिल्लक आणि बाद होण्याची तारीख. काका कुरकुरले, "कागद वाढतो रे." चार ओळींनी किती वाढणार! पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती. शिल्लक दिसली की लोक ती मागतात. हो काका, त्यांचीच आहे ती.

चौथ्या रविवारी आजी आल्या. बिल घेतलं, चष्मा लावून खालच्या ओळी वाचल्या. मग पिशवीतून वही काढून स्वतःच्या हाताने त्यात '४१' लिहिलं आणि बिलाची घडी करून त्याच पानात ठेवली.

"आता बरोबर," म्हणाल्या.

मी मशिनीत बघितलं. तिथेही ४१ च होते.