आधीचं आणि नंतरचं

आमच्या पाटण खोऱ्यात पोटुशी बाई आणि बाळंतीण यांचं औषध एका फडक्यात कुणी बांधत नसे. आजीच्या उतरंडीत बाळंतिणीचं गाडगं वेगळं असायचं. त्यात बाळंतशेपा, ओवा, सुंठ, मेथ्या, डिंक, अळीव. पोटुशीचं गाडगं मात्र नव्हतंच. तिला घरातलं साधं जेवण, डोहाळे लागतील ते, आणि मळमळलं तर आल्याचा नखाएवढा तुकडा. अळिवाची खीर मागितली तरी मिळायची नाही. "पोट हाय तवर पाल्यामुळीच्या नादाला लागायचं न्हाय," एवढंच आजी म्हणायची.

आता सर्रास ऐकू येतं, 'झाडपालाच तो, त्यानं काय अपाय होणार?' जुन्या बायांना असं कधी वाटलं नाही. त्या झाडाला वचकून असायच्या, आणि त्याला कारण होतं.

कळलावीच बघा. पावसाळ्यात आमच्या कुंपणांवर तिची लाल-पिवळी फुलं जाळासारखी पेटतात. तिचं नावच सांगतं की ही कळा लावणारी. भावप्रकाश निघंटूत तिला 'गर्भनुत्' म्हटलंय, म्हणजे गर्भ बाहेर लोटणारी. बाई अडली की सुईण तिचा कंद उगाळून वरून लावायची आणि मूल बाहेर आलं की लगेच धुऊन टाकायची. पोटात द्यायचं नाव नाही. त्या कंदात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं, हे पुढं शास्त्रानं सांगितलं. सुईणीला ते नाव ठाऊक नव्हतं, पण कंद जीव घेतो हे ठाऊक होतं.

चित्रकाची मुळी तर कातडीला लागली तरी फोड आणते. तीच मुळी गावोगाव गर्भ पाडायला चोरून वापरली गेली. त्यात पोरीबाळी गेल्या, विधवा गेल्या. १८६० च्या दंडसंहितेनं गर्भपात गुन्हा ठरवला, पण पुनर्विवाहाची सोय नसलेल्या तरण्या विधवांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच बायांसाठी. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल इथं ठेवून जा, असं सांगणारं ते दार होतं. गर्भपाताला कायद्याचा आधार मिळायला १९७१ साल उजाडलं. तोवर किती जणींना मुळीनंच संपवलं, त्याची नोंद कुठल्या दप्तरात असणार?

म्हणून आधीचं आणि नंतरचं ही रेघ आली. बाळंत झाल्यावर अळीव, डिंक, खारीक चालायची; अळिवात लोह असतं, आणि झिजलेल्या अंगाला ते हवंच असतं. शतावरीनं, मेथीनं दूध उतरतं असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. त्याचा शास्त्रीय पुरावा अजून थोडाच आहे. दूध वाढवायचा खरा उपाय म्हणजे बाळाला वरचेवर पाजणं, आणि तोही आजीला ठाऊक होता.

पण जुनं ते सगळं सोनं नव्हे. बाळगुटीत वेखंड उगाळायची रीत घरोघर होती. अमेरिकेत मात्र वेखंड १९६८ सालापासून खाण्याच्या जिनसांत घालायला बंदी आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देऊ नये, असं आज डॉक्टर सांगतात, आणि गुटीही त्यातच आली.

आता ती रेघ पुसत चाललीय. दुकानात बाटली मिळते, अर्काच्या गोळ्या मिळतात, वर हिरवं पान छापलेलं. भाजीतली चमचाभर मेथी वेगळी आणि आटवून केलेला तिचा अर्क वेगळा. पोटुशीनं भाजी खावी, पण अर्क मनानं घेऊ नये. आईनं घेतलेल्याचा अंश दुधातूनही बाळाच्या पोटात जातो.

लेकीसुना विचारतात तेव्हा मी तीन गोष्टी विचारून घ्यायला सांगते. हे नेमकं कुठलं झाड, किती घ्यायचं, आणि कितव्या महिन्यात? ज्याला ही तीन उत्तरं देता येत नाहीत, त्याच्या हातचं घ्यायचं नाही. आणि घ्यायच्या आधी ती बाटली, ती पुडी पदराआड न लपवता आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपुढं ठेवायची. लपवून घेतलेल्या मुळीनं आपल्या बायकांचं कधी भलं केलेलं नाही.