चाळिशीतलं पोट : औंधच्या राजापासून पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत

आज पोटाबद्दल बोलू. चाळिशीनंतर जे हळूच पुढे येतं आणि शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणाशी भांडायला लागतं, त्या पोटाबद्दल. ते कमी कसं करावं, दंड-छाती पुन्हा रेखीव कशी दिसावी, याचे सल्ले तुम्हाला ढिगानं मिळतात. मला त्याचा इतिहास सांगायचा आहे, कारण तो कळला की निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात.

सुरुवात भाषेपासून करू. आपल्याकडे दोन वर्षांनी भेटलेली मावशी म्हणते, ‘तब्येत सुधारली हो तुझी!’ म्हणजे वजन वाढलं. हे कौतुक असतं. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हेही कौतुकच. उलट ‘वाळलास’, ‘रोडावलास’, ‘हाडं दिसायला लागली’ यात कीव आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावात, हे शब्द घराघरांत अजून जिवंत आहेत. त्यांच्यामागे दुष्काळ उभे आहेत. १८७६ ते १८७८, मग १८९६-९७, मग १८९९-१९००. ज्या मुलखात एका पिढीनं दोन-तीन दुष्काळ पाहिले, तिथे अंगावरची चरबी ही बँकेतल्या ठेवीसारखी होती. ती कमी करायची, असं कुणाच्या डोक्यात येणार?

तालमीतलाही आदर्श आजच्यासारखा नव्हता. पैलवानाचं शरीर ‘कमावलेलं’ असायचं, पण एकेक स्नायू सुटा दिसावा ही अपेक्षा नव्हती. अंग एकसंध, गोळीबंद हवं. हजार बैठका, शेकडो जोर, आणि त्यावर दूध, तूप, बदामाचा खुराक. हे गणित जोर चालू असेपर्यंत बरोबर बसतं. पस्तिशीत आखाडा सुटतो, खुराकाची सवय मात्र सुटत नाही. गावातल्या निवृत्त पैलवानाचं पोट तुम्ही पाहिलं असेल. व्यायाम वाईट होता म्हणून ते आलं नाही. खर्च थांबला आणि जमा चालू राहिली, म्हणून आलं.

स्नायूंची रेघ न् रेघ दिसली पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे आणली एका प्रशियन माणसानं. युजेन सँडो, जन्म १८६७. अंगाला पांढरी पूड फासून तो ग्रीक पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि लोक तिकीट काढून बघायचे. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल होते. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. तो गेला, पण आपण आजही बिनबाह्यांच्या बनियनला ‘सँडो’ म्हणतो. एखाद्या माणसाचं नाव कोट्यवधी लोकांच्या अंगावर राहावं, यापरतं स्मारक काय असणार!

आता आपला मुख्य माणूस. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, औंधचे. बाळासाहेब म्हणून ओळखले जायचे. जन्म १८६८, म्हणजे सँडोहून एका वर्षानं लहान. चित्रकार, कीर्तनकार आणि १९०९ पासून एका छोट्या संस्थानाचे राजे. किर्लोस्करांच्या कारखान्याला जागा दिली ती यांनीच, म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. या माणसानं १८९७ च्या सुमारास सँडोचं पुस्तक आणि साहित्य घेतलं आणि, स्वतःच्या सांगण्यानुसार, जवळपास दहा वर्षं त्याची पद्धत नेमानं केली. साल पाहा. दख्खनेत दुष्काळ, पुण्यात प्लेग, आणि एक तरुण राजपुत्र डंबेल्स मागवतो आहे. चरबी आणि स्नायू ही आधी कुणाची काळजी झाली, ते या एका सालात दिसतं.

चाळिशी आली तेव्हा, १९०८ च्या आसपास, त्यांनी डंबेल्स बाजूला ठेवून सूर्यनमस्कार धरले. नमस्कार त्यांनी शोधले नाहीत, ते आधीपासून घरोघरी होतेच. त्यांनी दहा स्थितींची पद्धत बसवली, श्वास आणि मंत्र यांची सांगड घातली, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, पुस्तकं लिहिली. १९३८ साली लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं. प्रौढांसाठी रोज तीनशे नमस्कारांचा आकडा ते सांगत, आणि सांगण्यापुरता सांगत नसत, करत असत.

मला या गोष्टीत राजेपणापेक्षा वय महत्त्वाचं वाटतं. तिशीत माणूस आरशासाठी व्यायाम करतो. चाळिशीत त्याला असा व्यायाम लागतो जो प्रवासात, पाहुणे असताना, पावसात, कशातही मोडत नाही. नमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. बाळासाहेब १९५१ साली वारले, वय ८२. तेव्हाच्या हिंदुस्थानात हे वय क्वचित कुणाला मिळायचं. अर्थात राजवाड्यातलं अन्न आणि डॉक्टर हेही हिशेबात धरा. सगळं श्रेय नमस्कारांना देणारे लोक मला पटत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी नमस्कारभक्तांना आवडत नाही. नमस्कारात ढकलणं भरपूर आहे, ओढणं जवळजवळ नाही. छाती, खांदे, दंडाची मागची बाजू यांना काम मिळतं. पाठीला ताण मिळतो, पण वजन ओढायचं काम मिळत नाही. आपल्या जुन्या तालमीत ते काम मल्लखांब करायचा, दोर करायचा, मुद्गल आणि करेला खांदे फिरवून घ्यायचे. बंगळुरूच्या के. व्ही. अय्यरांनी १९३० च्या दशकात वजनं आणि नमस्कार एकत्र शिकवले. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी याच काळात मराठीत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. तो कोश चाळला की कळतं, आपल्याकडे एकच एक व्यायाम पुरे, असं जुनी माणसं म्हणत नव्हती. ते आपण नंतर म्हणायला लागलो.

इथपर्यंत सगळा इतिहास डोळ्यांनी बघण्याचा आहे. चरबी मोजायची कशी, हे कुणालाच नीट येत नव्हतं. वजन आणि उंचीचं गुणोत्तर बेल्जियमच्या केतलेनं १८३० च्या दशकात मांडलं होतं, त्यालाच १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी आजचं बीएमआय हे नाव दिलं. पण वजनकाट्याला हाड, मांस आणि चरबी यांतला फरक कळत नाही. १९४२ साली अमेरिकन नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोललं. युक्ती आर्किमिडीजची. चरबी पाण्यापेक्षा हलकी, मांस जड. वजन-उंचीच्या तक्त्यांप्रमाणे त्यातले सतरा जण जाड म्हणून सैन्याला नापास ठरले असते. पाण्यात तोलल्यावर बहुतेकांच्या अंगावर चरबी फारशी नव्हतीच, होता तो स्नायू.

ही झाली नाण्याची एक बाजू. दुसरी बाजू पुण्यात सापडली, आणि ती आपली आहे. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. क्ष-किरण यंत्रावर मोजलं तर यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्याआधी याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं मोजली होती. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांची सरासरी ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानानं टिकवून धरली होती. कमी पडला होता तो स्नायू.

मंडळी, इथे जरा थांबा. दुष्काळात ठेव म्हणून जे उपयोगी पडलं असेल, तेच पुढे खुर्चीवरच्या नोकरीत मधुमेहाचं दार उघडतं. ‘मी कुठे जाड आहे?’ असं म्हणणारा सडपातळ माणूस, ज्याचे हातपाय काटक आणि पोट तेवढं पुढे, तो आपल्या घरात, आपल्या शाखेत, आपल्या मंडळात आहे. काटा त्याला पास करतो. म्हणून भारतीय तज्ज्ञ कमरेचं माप धरतात. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. टेलरनं घेतलेलं पँटचं माप चालणार नाही, ते पोटाखालून जातं.

मग चाळिशीत नेमकं होतं काय? ‘आता चयापचय मंदावला’ हे सगळ्यांचं आवडतं उत्तर. २०२१ साली ‘सायन्स’मध्ये एकोणतीस देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांची मोजमापं प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार हिशेबात धरला तर विशी ते साठी हा खर्च जवळपास सारखाच राहतो. तेव्हा दोष चयापचयावर ढकलता येत नाही. घटतं ते चालणं-फिरणं, आणि तिशीनंतर दर दशकात थोडाथोडा स्नायू. वजन तेच राहिलं तरी आतला माल बदलतो. बाहेरून कुणाला कळत नाही.

फक्त जेवण तोडून वजन उतरवणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि आपल्याकडे तो मुळात कमी. भाकरी-भाताचा डोंगर थोडा खाली आणा, डाळ-उसळ-दही-अंडी वर चढवा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा काहीतरी जड ढकला, ओढा, उचला. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. ती कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं. साखर किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

वय उलटून गेलं म्हणणाऱ्यांसाठी दोन नोंदी. मनोहर ऐच, कोमिल्लाकडचे बंगाली, उंची चार फूट अकरा इंच. वजनांचा व्यायाम त्यांनी ब्रिटिशांच्या तुरुंगात असताना वाढवला आणि १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले, तेव्हा ते चाळिशीच्या घरात होते. २०१६ साली वारले, शंभरी ओलांडून. दुसरी नोंद अमेरिकेतली, १९९० ची. वृद्धाश्रमातले दहा जण, सरासरी वय नव्वद. आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी हातातली काठी सोडली.