सातपुड्याचा दरवाजा

वर्गात भारताचा नकाशा लावला की मुले पर्वतांच्या तपकिरी रेघांवर बोट ठेवून विचारतात, "सर, पर्वत म्हणजे भिंत ना?" पाठ्यपुस्तकाने हिमालयाला 'उत्तरेची भिंत' म्हटलेले असते, म्हणून प्रश्न स्वाभाविक आहे. पण सातपुड्यापाशी आले की हे उत्तर अपुरे पडते.

गुजरातच्या पूर्व भागापासून अमरकंटकच्या दिशेने सुमारे ९०० किलोमीटर ही रांग पसरली आहे. तिच्या उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांच्यामध्ये ती आडवी उभी आहे खरी, पण खंडवा आणि बुऱ्हाणपूर यांच्या दरम्यान ती खाली उतरते आणि वाट देते. त्या वाटेवर असीरगड आहे. त्याला दख्खनचा दरवाजा म्हणतात. १६०१ मध्ये अकबराने फारुकी सुलतानांकडून तो घेतला. पुढे तो मराठ्यांकडे आला आणि १८१९ मध्ये इंग्रजांकडे गेला. राज्ये बदलली, दरवाजा तोच राहिला.

इतिहासात आपण एवढेच शिकवतो: कोणी गड घेतला, कोणी गमावला. पण या वाटेने फक्त फौजा गेल्या नाहीत. तापीकाठचे बुऱ्हाणपूर फारुकी सुलतान नासिर खानाने वसवले आणि त्याला नाव दिले हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे. त्यांची दर्गाह आपल्या खुलताबादला आहे. म्हणजे वेरुळजवळ विसावलेल्या एका सूफीचे नाव सातपुड्याच्या पायथ्याच्या शहराला मिळाले. पुढे हे शहर कापड आणि जरीकामासाठी दूरवर ओळखले गेले.

या शहराला पाणीही डोंगरानेच दिले. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरून तापीकडे सरकतो. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, हे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणले गेले. दोह्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेले रहीम, म्हणजेच अब्दुर्रहीम खानेखानान, यांच्या कारकिर्दीतले हे काम. युक्ती इराणी, पाणी सातपुड्याचे. शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडल्या. ना मोट, ना रहाट. केवळ उताराने पाणी वाहते. यालाच कुंडी भंडारा म्हणतात.

अडीचशे वर्षांनी मुंबईहून जबलपूरकडे जाणारी रेल्वे आखताना इंग्रज अभियंत्यांनीही हीच वाट धरली. आजही भुसावळहून खंडव्याला जाणारी गाडी बुऱ्हाणपूरवरून, याच खिंडीतून जाते.

डोंगराला नुसती भिंत मानले की इतिहासात 'पलीकडचे' आणि 'अलीकडचे' एवढेच उरते. मग येणारा प्रत्येकजण चाल करून आलेला वाटतो. विणकर, पाणी शोधणारा, दर्गाहवर दुआ मागायला आलेला, यांची नोंद राहून जाते. म्हणून सातपुड्याचा धडा शिकवताना मी मुलांना आधी खंडवा आणि बुऱ्हाणपूर शोधायला सांगतो. डोंगराची रेघ त्यानंतर काढायची.