मंडळी कोणाची?

चित्रकाराच्या पश्चात त्याचे चित्र उरते. कवीच्या पश्चात त्याचा ग्रंथ उरतो. नर्तकाचे तसे नाही. त्याची कृती त्याच्या देहातच वसते, आणि देह थकला की तीही थकते. म्हणून प्रत्येक नृत्यमंडळीपुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो: ही मंडळी कोणाची? ज्याने पैसा पुरवला त्याची, ज्याचे नाव पाटीवर झळकते त्याची, की ज्यांच्या पायांत ते नृत्य मुरले आहे त्यांची? स्पेनमधील फ्लामेंको नृत्याच्या इतिहासात हा प्रश्न 1980 साली फार स्पष्टपणे पुढे आला. त्याचे जे उत्तर मिळाले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

फ्लामेंको ही दक्षिण स्पेनमधील अंदालुसिया प्रांताची कला. तिच्या घडणीत तेथील जिप्सी समाजाचा वाटा मोठा आहे. या समाजाचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, असा निष्कर्ष भाषाशास्त्रज्ञांनी रोमानी भाषेच्या अभ्यासावरून काढला आहे. गायन, गिटार आणि नृत्य ही या कलेची तीन अंगे होत. 'सोलेआ', 'आलेग्रियास', 'बुलेरिआस' हे तिचे प्रकार बारा मात्रांच्या आवर्तनात चालतात. परंतु आघात सामान्यतः 3, 6, 8, 10 आणि 12 या मात्रांवर पडतात. पायांतील बुटांच्या टाचा, हातांच्या टाळ्या आणि गिटारची तार या साऱ्यांना ते विषम आघात एकाच क्षणी गाठावयाचे असतात. मुळात हे एकट्याचे नृत्य आहे. नर्तक उभा राहतो, गायक आर्त स्वरात हाक घालतो, आणि त्या हाकेला पावलांनी उत्तर मिळते. असे एकट्याचे नृत्य वीस-पंचवीस जणांच्या मंडळीने करावयाचे, तर प्रत्येकाला आपला अहंकार पडद्याआड ठेवूनच रंगमंचावर यावे लागते. मंडळीच्या नेतृत्वाची खरी कसोटी येथेच असते.

'ला आर्हेंतिनिता' या नावाने गाजलेल्या एन्कार्नासिओन लोपेझ यांनी 1933 साली कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या सहकार्याने एक नृत्यमंडळी उभी केली. त्यापूर्वी 1931 साली लोर्का यांच्या पियानोच्या साथीवर त्यांनी गायलेल्या जुन्या लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. पुढे यादवी युद्ध पेटले. 1936 साली लोर्का यांची हत्या झाली, आणि 1945 च्या सप्टेंबरात ला आर्हेंतिनिता यांनी न्यूयॉर्क येथे देह ठेवला. त्यांची धाकटी बहीण पिलार लोपेझ त्यांच्या मंडळीतच नाचत असे. बहिणीच्या मृत्यूनंतर ती मायदेशी परतली आणि 1946 साली तिने स्वतःची मंडळी स्थापन केली. वारसा म्हणून तिच्या हाती काही संपत्ती आली नव्हती. आली होती ती एक शिस्त.

या पिलारबाई थोर नर्तकी होत्या. त्याहूनही थोर शिक्षिका होत्या. होसे ग्रेको, मारिओ माया, एल ग्वितो असे पुढे नावारूपाला आलेले अनेक पुरुष नर्तक त्यांच्या हाताखालून गेले. 1952 च्या सुमारास माद्रिदमधील एक गरीब मुलगा त्यांच्याकडे आला. त्याचे नाव आंतोनियो एस्तेवे. 1936 साली एल्दा या गावी त्याचा जन्म झाला. वडील गवंडीकाम करीत आणि यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले होते. पराभूत पक्षाच्या घरात जे दारिद्र्य येते, ते या घरातही आले. मुलाची शाळा लहानपणीच सुटली. छायाचित्रकाराच्या दुकानात हरकाम्या म्हणून तो राबला. नृत्याकडे तो वळला तो कलेच्या ओढीने नव्हे, तर पोटासाठी. पिलारबाईंनी त्याला मंडळीत घेतले आणि नवे नाव दिले: गादेस. कादिस या प्राचीन बंदराचे हे लॅटिन नाव. सुमारे नऊ वर्षे तो त्यांच्याजवळ राहिला. पावले अनेकांकडून शिकता येतात. नृत्यातील नीती मात्र आपण पिलारबाईंकडून शिकलो, असे गादेस पुढे सांगत. टाळ्यांसाठी नाचावयाचे नाही आणि सहकाऱ्याला झाकून स्वतः पुढे यावयाचे नाही, हा त्या नीतीचा सारांश होता.

गादेसांनी पुढे स्वतःची मंडळी काढली. तिच्या सर्व कृतींचा पाया ठरलेली नृत्यनाटिका 1974 साली रोम येथे प्रथम झाली. लोर्का यांच्या 'बोदास दे सांग्रे', म्हणजे 'रक्तविवाह', या नाटकावर ती आधारलेली होती. लग्नाच्या दिवशीच वधू पूर्वीच्या प्रियकराबरोबर पळून जाते आणि वर व प्रियकर एकमेकांच्या सुऱ्याने प्राण गमावतात, अशी ही कथा. शेवटचे द्वंद्व गादेसांनी संगीताशिवाय आणि अतिशय संथ गतीने बसवले. ज्या कलेचे सारे वैभव टाचांच्या नादात, तिच्या परमोच्च क्षणी त्यांनी तो नादच काढून घेतला. प्रेक्षागृहात त्या वेळी नर्तकांच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही.

27 सप्टेंबर 1975 रोजी फ्रँकोच्या राजवटीने पाच जणांना गोळ्या घालून देहान्ताची शिक्षा दिली. त्या बातमीने उद्विग्न होऊन गादेसांनी आपली मंडळी विसर्जित केली. मंडळी ऐन भरात असताना घेतलेला हा निर्णय होता. दोन महिन्यांच्या आतच फ्रँकोचा अंत झाला आणि देशात लोकशाहीची वाट मोकळी होऊ लागली. गादेस मध्यंतरी क्यूबात गेले. तेथे थोर बॅले नर्तकी आलिसिया आलोन्सो यांच्या मंडळीबरोबर नाचत असता त्यांचे मन नृत्याकडे पुन्हा वळले.

1978 साली स्पेनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने राष्ट्रीय नृत्यमंडळी स्थापन केली. आज ती 'बालेत नासिओनाल दे एस्पान्या' या नावाने ओळखली जाते. तिचे पहिले संचालक म्हणून गादेस यांची नेमणूक झाली. ज्याच्या वडिलांची बाजू युद्धात हरली होती, त्या गवंड्याच्या मुलाच्या हाती राष्ट्राची नृत्यमंडळी आली. तथापि हे सुख दोन वर्षेच टिकले. 1980 साली मंत्रालयाने त्यांना पदावरून दूर केले आणि त्यांच्या जागी आंतोनियो रुईस सोलेर हे विख्यात नर्तक आले.

मंडळी कोणाची, हा प्रश्न उभा राहिला तो येथे. सरकारच्या दृष्टीने उत्तर सोपे होते. वेतन सरकारचे आणि तालीमघरही सरकारचे. तेव्हा मंडळीही सरकारचीच. परंतु क्रिस्तिना ओयोस आणि आणखी कित्येक नर्तक सरकारी नोकरी सोडून गादेसांबरोबर बाहेर पडले. नर्तकाचे आयुष्य अल्प असते आणि बांधलेला पगार त्याच्या वाट्याला क्वचितच येतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या त्यागाचे मोल कळते. या कलावंतांनी जो स्वतंत्र गट बांधला, त्याच्या नावात कोणा एका व्यक्तीचे नाव नव्हते. 'नृत्यकलावंतांचा स्वतंत्र गट' एवढेच ते नाव होते.

याच गटाची तालीम पाहून चित्रपट दिग्दर्शक कार्लोस साउरा भारावले आणि 1981 साली 'बोदास दे सांग्रे' पडद्यावर आला. चित्रपटात भव्य देखावा नाही. आरशासमोर बसून रंग लावणारे कलावंत, अंग मोकळे करण्याचा व्यायाम आणि मग रिकाम्या तालीमघरात झालेला संपूर्ण प्रयोग, एवढेच त्यात आहे. पद गेले, राष्ट्रीय रंगमंच गेला, तरी नृत्य गेले नव्हते, हे साऱ्या जगाने पाहिले. 1983 साली 'कारमेन' रंगमंचावर आणि पडद्यावरही आले व मंडळीची कीर्ती देशोदेशी पसरली. 1988 साली क्रिस्तिनाबाईंनी स्वतःची मंडळी काढली. कारमेनची भूमिका मग स्तेला आराउसो या तरुण नर्तकीकडे आली. भूमिका एका देहातून दुसऱ्या देहात गेली, पण बंद पडली नाही.

येथे राष्ट्रीय मंडळीवर अन्याय करता कामा नये. गादेस गेल्यावर ती मोडून पडली नाही. रुईस सोलेर यांच्यानंतर मारिया दे आविला या बॅलेच्या नामवंत शिक्षिकेकडे तिची सूत्रे आली. त्यांच्या कारकीर्दीत, 1984 साली, होसे ग्रानेरो यांची 'मेदेआ' ही कृती निर्माण झाली. पुढे होसे आंतोनियो यांनी दोन वेगवेगळ्या काळांत ती मंडळी सांभाळली. मध्यंतरी तीन नर्तकींनी मिळून तिचा कारभार पाहिला. 2011 पासून आंतोनियो नाखारो आणि 2019 पासून रुबेन ओल्मो यांनी तिचे नेतृत्व केले. प्रमुख बदलत गेले. जुन्या कृती जतन करून नव्या घडवण्याचे काम चालूच राहिले. सरकारी आश्रयात मनमानीचा धोका असतो, हे खरे. पण माणूस बदलला तरी संस्था चालू ठेवण्याचे बळही त्यातच असते.

गादेसांची अखेरची मोठी कृती 'फुएन्तेओवेहुना' ही 1994 साली जेनोआ येथे प्रथम सादर झाली. लोपे दे व्हेगा यांच्या सतराव्या शतकातील नाटकावर ती आधारलेली आहे आणि त्या नाटकाचे मूळ 1476 साली घडलेल्या घटनेत आहे. अत्याचारी अधिकाऱ्याला गावकऱ्यांनी ठार केले. कोणी मारले, असे छळ करून विचारले असता प्रत्येकाने एकच उत्तर दिले: गावाने मारले. या नृत्यनाटिकेचा नायक कोणी एक नर्तक नाही. सारा समूह हाच नायक आहे. ज्या राष्ट्रीय मंडळीतून गादेसांना दूर करण्यात आले होते, त्याच मंडळीने 2001 साली ही कृती आपल्या रंगमंचावर आणली. वीस वर्षांपूर्वीच्या कलहाचा हा शेवट दोन्ही पक्षांना शोभणारा होता.

20 जुलै 2004 रोजी गादेस माद्रिद येथे निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचा न्यास स्थापन झाला आणि त्याच्या छत्राखाली मंडळी पुन्हा उभी राहिली. कलादिग्दर्शनाची जबाबदारी आली ती स्तेला आराउसो यांच्याकडे. एके काळी क्रिस्तिनाबाईंची भूमिका ज्यांनी उचलली, त्याच आता ती भूमिका, ती शिस्त आणि तो नादहीन द्वंद्वाचा प्रसंग पुढच्या पिढीला शिकवू लागल्या. चित्रफितीवरून पावले कळतात. दोन पावलांमधले थांबणे मात्र शिकवणाऱ्यानेच शिकवावे लागते.

मंडळी कोणाची, या प्रश्नाला या इतिहासाने दिलेले उत्तर असे आहे. पैसा देणाऱ्याचा तिच्यावर हक्क असतो. तो नाकारता येत नाही. नाव देणाऱ्याचाही असतो. परंतु मंडळी जगते ती घेतलेले पुढे देणाऱ्यांच्या बळावर. पिलारबाईंनी बहिणीकडून घेतले आणि गादेसांना दिले. गादेसांनी ते आपल्या सहकाऱ्यांना दिले. पिलारबाई 2008 साली वारल्या. शिष्याचा अंत पाहण्याचे दुःख त्यांच्या वाट्याला आले. पण त्यांनी लावलेली शिस्त शिष्याच्या शिष्यांच्या पायांत चालताना पाहण्याचे भाग्यही त्यांना लाभले. शिक्षकाला याहून मोठी दक्षिणा कोणती असणार?