मॉरिशसच्या दप्तरांतील ‘सातारा’

इ. स. १८३४ नंतर मुंबई बंदरातून करारावर मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. एखाद्या वंशजास पूर्वजाच्या नावापुढे ‘सातारा’ एवढाच जिल्हा आढळला, तर सांप्रतच्या साताऱ्यातच शोध करून त्याने निराश होऊ नये. तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्यासच सांगली हे नाव मिळाले. डीएनए-परीक्षेने रक्ताचे नाते कळेल. परंतु पूर्वजाने सोडलेले गाव ती सांगणार नाही. त्यासाठी दप्तराचीच साक्ष हवी, आणि ती त्या काळच्या नकाशावरच वाचावयास हवी.