भुंगा: आपल्या आढ्यातला सुतार

भुंगा म्हटला की आपल्याला कर्णाची मांडी आठवते. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्णाने भुंग्याचे पोखरणे मुकाट सोसले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पण घरच्या वाशाला भोक पाडणारा, आढ्याभोवती घूं घूं करीत फिरणारा खरा भुंगा आपला कोण लागतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज त्याचीच थोडी कुळकथा पाहू.

मराठीत या भुंग्याची दखल फार जुनी आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. तिच्या पहिल्या अध्यायात, आप्तांच्या मोहाने खचलेल्या अर्जुनासाठी भ्रमराचा दृष्टांत आला आहे. वाळक्या लाकडाला आरपार पोखरणारा हा जीव मऊ कमळात अडकला, तर मरण पत्करतो, पण पाकळी फाडीत नाही. आता पाहा, पोळे करणारी मधमाशी काही लाकूड पोखरीत नाही. तेव्हा ज्ञानदेवांच्या डोळ्यांपुढे होता तो हाच आपला सुतार भुंगा.

युरोपात फ्रेंच पंडित रेओम्यूर यांनी १७४२ मध्ये या जातीच्या माशीचे सविस्तर वर्णन छापले. पुढे १८०२ मध्ये लात्रेय यांनी या कुळाला 'झायलोकोपा' असे नाव दिले. त्याचा अर्थ काय, तर लाकूडतोड्या! आपल्या देशातील माश्यांची आणि गांधीलमाश्यांची मोठी शास्त्रीय यादी बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केली.

या माशीचा संसार एकटीचा. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. मादी जबड्याने लाकडात नळीसारखे बीळ कोरते. लाकूड ती खात नाही. भुसा बाहेर टाकते. बिळात पराग आणि मध यांचा गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडे घालायचे, आणि भुशाचा पडदा लावून ती खोली बंद करायची. मग पुढची खोली. नर दाराशी कितीही घोंगावला तरी डसत नाही, कारण नांगी असते ती मादीला.

मग आपल्याला याचा उपयोग काय? वांग्याचे फूल घ्या. त्याचे पराग बारीक छिद्रांच्या पिशवीत असतात. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते झडतात. मधमाशीला ही विद्या येत नाही. तुरीचे पराग पाकळीच्या होडीत झाकलेले असतात; वजनदार माशी बसली की होडी दबते आणि ते बाहेर येतात. तूर स्वतःच्या परागावरही धरते, हे खरे. पण १९९१ मध्ये तुरीचे पहिले संकरित वाण निघाले, त्याच्या बियाण्यासाठी एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेणारे हमाल म्हणजे माश्याच.

आपली भीमा ज्या भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते, तिथल्या रानात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुंग्यांचा अभ्यास केला. घरट्याच्या दाराशी रंगीत खुणा ठेवून त्यांनी पाहिले, आणि २००८ मध्ये जाहीर केले, की तिथली एक जात चांदण्यांच्या अंधुक उजेडातही रंग ओळखते. त्याच रानातल्या वारसाच्या झाडाला रात्री फळधारणा करून देणारेही भुंगेच.

मधमाशीसाठी पुण्यात १९६२ साली केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली, आणि ते योग्यच झाले. भुंगा मध देत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला असे काही आले नाही. त्याला आसरा होता तो आपल्या माळवदाच्या तुळयांचा, बांधावरच्या वठलेल्या बाभळीचा, घायपाताच्या वाळलेल्या दांड्यांचा आणि कळकाच्या मांडवाचा. आता सोलापूरकडे सिमेंटचे स्लॅब पडले, कुंपणाला लोखंडी खांब आले, वाळके झाड चुलीत गेले. वाशाला भोक दिसले की आपण रॉकेल ओततो. घर वाचवावे हे बरोबर. पण त्याला दुसरीकडे जागा ठेवायला नको का?

शेतकरी बंधूंनो, बांधावरचा एखादा वठलेला बुंधा तसाच उभा राहू द्या. तूर फुलोऱ्यात असताना फवारणी करावीच लागली, तर माश्या फुलांवरून गेल्यावर संध्याकाळी करा. आणि गुरुजी, शाळेच्या पडवीत वितभर लांबीचे, एका टोकाला पेर असलेले कळकाचे तुकडे बांधून टांगा. कदाचित भुंगा येईल, कदाचित पानांना गोल कातर लावणारी त्याची धाकटी बहीण येईल. मुलांना रोजच्या तारखेनिशी वहीत लिहू द्या: कोण आलं, काय घेऊन आलं, दार कधी लागलं. दृष्टांतातला भ्रमर पाठ करणाऱ्या मुलाला आढ्यावरचा भुंगाही ओळखता आला पाहिजे.