नांदण्याचा पुरावा

'नांदा सौख्यभरे' हा आशीर्वाद मराठीत वधूवरांना मिळून दिला जातो. 'नांदायला जाते' ती मात्र एकटी वधू. स्त्रीचा विवाह आणि तिचे वास्तव्य यांची जी सांगड या एका क्रियापदात आहे, ती कायद्यानेही वेळोवेळी घातलेली दिसते. या इतिहासाकडे बुलढाण्याच्या बाजूने पाहावे, असे आम्हांस वाटते.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ताराबाईंचे पती घरजावई होते. म्हणजे या घरात नांदायला आला तो पुरुष. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्यानंतर उसळलेल्या स्त्रीनिंदेला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध केली. दोघांना एकच माप का लावीत नाही, हा त्यांचा मूळ प्रश्न होता.

दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध दावा लावला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाई पतीकडे नांदावयास गेल्याच नव्हत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. पण अपिलानंतर १८८७ मध्ये 'पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात' असा निर्णय झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. नांदणे नाकारले म्हणूनच त्यांच्या हाती स्वतःचा व्यवसाय आला, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

आता विसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेत येऊ. लग्नानंतर तेथे जाणाऱ्या मुली आज जिल्ह्याच्या गावांतूनही आहेत. १९८६ साली तेथे खोट्या विवाहांना आळा घालणारा कायदा झाला. अमेरिकन नागरिकाशी किंवा तेथील कायम रहिवाशाशी झालेल्या विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी कायम वास्तव्य मिळाले, तर ते सशर्त असते. सशर्त वास्तव्याची दोन वर्षे संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करून अट काढून घ्यावयाची असते. सोबत पुरावे जोडावयाचे: सामायिक बँकखाते, घराचा भाडेकरार, करपत्रे, मुलांचे जन्मदाखले. हा नांदण्याचाच पुरावा होय. अर्ज न केल्यास वास्तव्य संपते आणि त्याबरोबर नोकरी करण्याचा अधिकारही.

अर्ज वेळेत केला, तर निकाल लागेपर्यंत नोकरी सुटत नाही. निकालास वर्षानुवर्षे लागतात, म्हणून अर्जाच्या पावतीनेच कार्डाची मुदत वाढते. जानेवारी २०२३ पासून ही वाढ ४८ महिन्यांची करण्यात आली. मुदत संपलेले कार्ड आणि ही पावती मिळून कामाच्या अधिकाराचा पुरावा होतो. एका कागदावर घर चालते ते असे.

परंतु पतीने सही नाकारली तर? छळ सोसणाऱ्या जोडीदारास एकट्याने अर्ज करण्याची स्पष्ट सवलत १९९० च्या दुरुस्तीने मिळाली. घटस्फोट झाला असल्यास, विवाह खऱ्या हेतूने केला होता हे दाखवून, एकटीस अर्ज करता येतो. जोडीदाराचा मृत्यू झाला असल्यासही. अशा अर्जाला त्या ९० दिवसांचे बंधन नाही. हे ठाऊक नसल्याने नोकरी जाईल या धास्तीने घरात राहणे, हा नांदण्याचा सर्वांत दुःखद प्रकार म्हणावा लागेल.

हा कायदा शब्दांत स्त्री-पुरुष भेद करीत नाही. पत्नीच्या आधारे गेलेल्या पतीसही तो तसाच लागू आहे. १८८७ चा निर्णय आणि हा कायदा एकच आहेत, असेही आमचे म्हणणे नाही. तेथे नांदण्याची सक्ती होती, येथे नांदल्याची चौकशी आहे, आणि फसवणूक रोखण्याचा राज्यसंस्थेचा हेतू गैर म्हणता येत नाही. तरीही ताराबाईंची तुलनेची पद्धत येथे लावून पाहावी. एकाच अर्जावर दोघे सही करतात. एकासाठी ती औपचारिकता असते. दुसऱ्याचे घर, पगार आणि त्या देशातील उभे राहणे त्या सहीवर अवलंबून असते.

'स्त्रीपुरुषतुलना' दीर्घकाळ विस्मृतीत राहिली, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा वाचकांपुढे आणली. वर्गात ती शिकविताना आपण तिला एकोणिसाव्या शतकाचा दस्तऐवज म्हणतो. समोर बसलेल्या मुलींपैकी काहींना मात्र तो प्रश्न उद्या एखाद्या परक्या कार्यालयाच्या अर्जावर भेटणार आहे.